तिला ठाऊक होतं

मारिया थेरेसाने १७३७ ते १७५६ या काळात १६ मुलांना जन्म दिला. ११ मुली, ५ मुलगे. तीन मुली अगदी तान्हेपणी-बाळपणी गेल्या, आणखी तिघांना वाढत्या वयात देवीने नेलं, दहा मोठी झाली. वडील, सम्राट सहावा चार्ल्स, १७४० च्या ऑक्टोबरात वारले तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि चौथ्यांदा गरोदर होती. ऑस्ट्रिया, बोहेमिया आणि हंगेरी तिने स्वतःच्या हक्काने ४० वर्षं सांभाळली. सम्राज्ञी हे बिरुद मात्र नवऱ्यामुळे आलं: १७४५ मध्ये फ्रान्सिस स्टीफनची पवित्र रोमन सम्राट म्हणून निवड झाली आणि ती सम्राटाची पत्नी म्हणून सम्राज्ञी झाली. कारभार तिचा, मुकुट त्याचा.

ही बाई आई म्हणून कशी होती, यावर एका मावशीत आणि तिच्या भाचीत झालेलं हे बोलणं आहे. मावशीने महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवला. भाची लहान मुलांची डॉक्टर आहे. मी दोघींना ओळखते आणि माझा कल भाचीकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. पण मावशीच्या बाजूला वजन नाही असं मला एकदाही वाटलं नाही.

भाची : मावशी, तू तिला थोर आई म्हणालीस की मला पुढे ऐकवत नाही. नेपल्सचंच घे. तिथल्या एका नवऱ्या मुलासाठी एकामागून एक तीन बहिणी. आधी योहाना ठरली. ती १७६२ मध्ये देवीने गेली, बारा वर्षांची. मग तिच्या पाठची योसेफा ठरली. ती १७६७ च्या ऑक्टोबरात, सासरी निघायच्या बेतात असताना, देवीनेच गेली. सोळा वर्षांची पोर. आणि पुढच्या एप्रिलमध्ये कॅरोलिनाचं त्याच मुलाशी लग्न लावून दिलं. मधे सहा महिने. बहिणीचं दुःख करायलाही त्या मुलीला वेळ मिळाला नसेल.

मावशी : तारखा बरोबर आहेत. पण त्या मुलाचा बाप कोण होता ते सांग ना. स्पेनचा राजा. इटलीत तेव्हा नेपल्स आणि पार्मा त्याच्याच बूर्बाँ घराण्याकडे होतं, मिलान आणि टस्कनी हॅब्सबर्गांकडे. शेजार असा, आणि दोन घराण्यांचं वैर पिढ्यानपिढ्यांचं. ते तिच्या हयातीत थांबलं होतं, तेही नुकतंच.

भाची : म्हणून मुली द्यायच्या?

मावशी : अगं, दुसरं काय होतं तिच्या हातात? तिच्या बापाने जन्मभर कागद गोळा केले. मुलीला गादी मिळावी म्हणून १७१३ मध्ये त्याने वारसाहक्काचा कायदा केला आणि युरोपातल्या एकेका दरबाराची त्यावर संमती मिळवली. त्यासाठी किती सवलती दिल्या, किती व्यापार सोडला! तो वारला ऑक्टोबरात. डिसेंबरात प्रशियाचा फ्रेडरिक सायलेशियात सैन्य घेऊन घुसला. सगळी संमतिपत्रं व्हिएन्नाच्या कपाटात होती. ती पोर सह्यांवर पुन्हा विश्वास ठेवेल असं तुला वाटतं? त्या काळात सहीपेक्षा टिकाऊ अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे नातू. दोन्ही घराण्यांचं रक्त असलेला नातू.

भाची : म्हणजे तिच्या भीतीची किंमत मुलींनी मोजली.

मावशी : तिनेही मोजली. थोरला मुलगा जोसेफ जन्मला मार्च १७४१ मध्ये, तेव्हा सायलेशिया हातचा चालला होता. बव्हेरिया, फ्रान्स, सॅक्सनी सगळे एकामागून एक तिच्या विरोधात उतरले. हंगेरीच्या सरदारांकडे मदत मागायला ती त्या सप्टेंबरात प्रेसबर्गला गेली, आजच्या ब्रातिस्लाव्हाला. चित्रात दाखवतात की तान्ह्या जोसेफला कडेवर घेऊन ती रडत उभी राहिली आणि सरदारांनी तलवारी उपसल्या. खरं म्हणजे भाषणाच्या दिवशी, ११ सप्टेंबरला, ती एकटी होती. बाळाला मागाहून आणलं आणि काही दिवसांनी सभेला दाखवलं.

भाची : बघ, हे तूच सांगतेयस. सहा महिन्यांचं पोर सभेत दाखवायला आणलं. तिचं आईपण पहिल्यापासून राज्यकारभाराचं हत्यार होतं.

मावशी : हो. तिच्याजवळ तेवढंच होतं. पैसा नव्हता, सैन्य नव्हतं, मंत्री म्हातारे होते, बापाने तिला कारभार शिकवला नव्हता. मुलगा मात्र होता. तिच्या जागी तू असतीस तर त्याला घरी ठेवलं असतंस का?

भाची : नसतं ठेवलं. तान्ह्या जोसेफबद्दल मी काही म्हणत नाही. त्या वर्षी दाराशी शत्रू होता. मी बोलतेय १७६७-६८ बद्दल. तोवर ती पन्नाशीची झाली होती, सातवार्षिक युद्ध संपलं होतं, राज्य टिकलं होतं. तेव्हाही तिने योसेफाबद्दल मुलींच्या शिक्षिकेला, काउंटेस लेर्खेनफेल्डला, जे लिहिलं ते तूच मला पहिल्यांदा वाचायला दिलं होतंस. ही बिचारी राजकारणाला वाहिलेली आहे असं मी समजते; देवाशी आणि नवऱ्याशी तिने कर्तव्य नीट केलं तर ती दुःखी असली तरी मला समाधान असेल. असा त्याचा अर्थ होता. एखाद्या निर्दय बाईने लिहिलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तिला दिसत होतं. नवरा मुलगा कसा आहे, शिकलेला नाही, पोरकट आहे, हे सगळं तिच्या कानावर आलं होतं. डोळे उघडे ठेवून तिने ते केलं.

मावशी : डोळे मिटून केलं असतं तर बरं झालं असतं?

भाची : नाही. पण मग तू काळाकडे बोट दाखवू शकली असतीस. तेव्हा सगळेच असं करत, तिला वेगळं सुचणार कुठून, असं. ती वाट तिने स्वतःच बंद करून टाकली.

मावशी : योसेफाचा विषय निघालाच आहे तर डॉक्टर म्हणून मला एक सांग. अजूनही कुठे कुठे छापतात की आईनेच तिला मारलं. निघण्यापूर्वी वहिनीच्या कबरीपाशी प्रार्थना कर म्हणून तिला कापुचिन चर्चच्या तळघरात पाठवलं, वहिनीची शवपेटी नीट बंद केलेली नव्हती, आणि तिथून देवी लागली. तुला हे पटतं?

भाची : नाही. आणि मी तिच्या विरोधात बोलतेय म्हणून हा आरोप मी तिच्यावर लादणार नाही. वहिनी गेली मे महिन्याच्या अखेरीस. योसेफा तळघरात गेली ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आणि दोन दिवसांत तिच्या अंगावर फोड उठले. देवीचं तसं नसतं. लागण झाल्यापासून ताप यायलाच साधारण १० ते १४ दिवस लागतात, फोड त्यानंतर. ती खाली उतरली तेव्हा रोग तिच्या अंगात आधीच होता. त्या वर्षी व्हिएन्नात देवीची साथ होती, राजवाड्यात तर मे महिन्यापासूनच.

मावशी : आणि मे महिन्यातली ती वहिनी, बव्हेरियाची योसेफा, जोसेफची दुसरी बायको. नवरा तिच्याकडे बघतही नसे. पहिल्या बायकोवर, पार्माच्या इझाबेलावर, त्याचा जीव होता आणि ती १७६३ मध्ये देवीनेच गेली होती. ही दुसरी आजारी पडली तेव्हा सासू तिच्या उशाशी गेली. तिथेच तिला स्वतःला देवी लागली आणि अखेरचे संस्कार करण्यापर्यंत पाळी आली. राजकारण म्हणून कोणी नावडत्या सुनेच्या आजारात जवळ जातं का?

भाची : नाही जात. ते मला मान्य आहे. आणि त्यानंतर तिने जे केलं त्याबद्दल तर मी तिला हात जोडते. १७६१ ते १७६७ या सात वर्षांत त्या घरातली पाच माणसं देवीने गेली: मुलगा कार्ल योसेफ, योहाना, दोन सुना, योसेफा. एलिझाबेथ वाचली, पण चेहऱ्यावर व्रण राहिले. सगळ्यात देखणी मुलगी म्हणून तिचा लौकिक होता, तिची सोयरीक तिथेच संपली. तोवर व्हिएन्नातले मोठे वैद्य टोचणीच्या विरोधात होते. जेन्नरची गाईच्या देवीची लस यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. तेव्हाची टोचणी म्हणजे खऱ्या देवीच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत घालायचा आणि सौम्य आजार आणायचा. त्यात धोका होता. तरी १७६८ मध्ये तिने इंग्लंडहून यान इंगेनहाउस या डच वैद्याला बोलावलं. त्याने आधी गोरगरिबांच्या मुलांना टोचलं, मग तिच्या धाकट्या मुलांना, फर्डिनांड आणि माक्सिमिलियानला, आणि जोसेफच्या छोट्या मुलीला.

मावशी : आणि टोचलेल्या त्या गरीब मुलांना शोनब्रुनच्या राजवाड्यात जेवायला बोलावलं. वाढायला तिची स्वतःची मुलं होती.

भाची : हो, तिथे मी तिच्या बाजूची आहे. पण आधी कोणाची मुलं टोचली गेली हेही मला विसरता येत नाही.

मावशी : तो मुद्दा तुझाच राहू दे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

भाची : मग आता मिमीबद्दल बोलू.

इथे थोडी माहिती मध्येच द्यावी लागेल. मिमी म्हणजे मारिया क्रिस्टिना, जन्म १३ मे १७४२, आईच्याच वाढदिवशी. आईची सगळ्यात लाडकी, आणि ते लपवलेलं नव्हतं. चित्रं सुंदर काढायची. १७६२ मध्ये तिने काढलेलं एक छोटं चित्र आजही पुष्कळदा छापलं जातं: संत निकोलसच्या सणाची सकाळ, झगा घालून बसलेला बाप, हातात पात्र घेतलेली आई, छडी मिळाली म्हणून रडणारा फर्डिनांड, बाहुली दाखवणारी आंतोनिया, जमिनीवर खाऊ खाणारा माक्सिमिलियान. युरोपातल्या एका मोठ्या राजघराण्याची ही सकाळ एखाद्या सावकाराच्या घरातली वाटते. मांडणी तशीच आहे, कारण मिमीने ती एका डच चित्रावरून बेतली होती. मला वाटतं, त्या कुटुंबाला आपण कसं असावं असं वाटत होतं ते त्यात दिसतं, आणि म्हणून ते खोटं म्हणता येत नाही.

मावशी : मिमीचं लग्न मी नाकारत नाही. सॅक्सनीचा आल्बर्ट धाकटा राजपुत्र, पदरी ना राज्य ना पैसा. वडिलांच्या मनात तिच्यासाठी सव्होयचा राजपुत्र होता. वडील १७६५ च्या ऑगस्टमध्ये इन्सब्रुकला अचानक गेले, मुलाच्या, लिओपोल्डच्या, लग्नासाठी सगळे जमलेले असताना. पुढच्या एप्रिलमध्ये आईने मिमीला तिच्या पसंतीच्या माणसाशी लग्न करू दिलं. वर जावयाला टेशेनची जहागीर दिली.

भाची : आणि तीन वर्षांनी, १७६९ मध्ये, आमालियाला पार्माच्या फर्डिनांडकडे पाठवलं. आमालियाचंही मन दुसऱ्यावर होतं, त्स्वायब्र्युकनच्या कार्लवर. तोही राजपुत्र, आल्बर्टसारखाच. एका मुलीला हो, दुसरीला नाही. आमालियाने आईला कधी माफ केलं नाही, दोघींची पुन्हा भेट झाली नाही.

मावशी : एकीला दिलं म्हणून सगळ्यांना द्यायला हवं होतं, असं तुझं म्हणणं?

भाची : नाही. एकीला देताना तिला कळत होतं की ती काय देतेय, एवढंच मी म्हणते. तिचं स्वतःचंही लग्न मनासारखं झालं होतं. फ्रान्सिस मुलगा असतानाच व्हिएन्नाच्या दरबारात आला, दोघं एकत्र वाढली. तिच्याशी लग्न करायचं म्हणून त्याला बापजाद्यांचं लोरेन सोडावं लागलं. त्याची प्रकरणं होती, तिला सगळं माहीत होतं, तरी तिचा जीव त्याच्यावरच राहिला. म्हणजे या घरात प्रेमाने लग्न करायची सोय नव्हती असं नाही. होती. ती दोनदा वापरली गेली: एकदा आईसाठी, एकदा मिमीसाठी.

मावशी : आता माझं ऐक. १७६५ पर्यंत त्या घरात घराण्याचं राजकारण आणि संसार यांच्यामध्ये एक माणूस होता. मुलांशी दंगा करणारा, दगड-खनिजं, प्राणी, झाडं यांत रमणारा, शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय उभारणारा, घरचा पैसा वाढवणारा बाप. तो गेला आणि ती दोन्ही झाली. केस कापले, काळे कपडे चढवले ते मरेपर्यंत. कॅरोलिना, आमालिया, आंतोनिया या तिघींची लग्नं झाली ती त्या विधवेच्या हातून. तू त्या बाईला तिच्या सुखाच्या दिवसांचा न्याय लावतेयस.

भाची : मिमीचं लग्नही त्याच विधवेने लावलं, मावशी. मघाशी तारीख तूच सांगितलीस.

मावशी : ...हो. बाप असता तर मिमीला तिचा आल्बर्ट मिळाला नसता. हे माझ्या बोलण्याच्या उलट जातं खरं.

भाची : आंतोनियाचं सांग. मारी आंत्वानेत म्हणून जी पुढे सगळ्या जगाला माहीत झाली.

मावशी : तिचा जन्म २ नोव्हेंबर १७५५ चा, लिस्बनच्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशीचा. धर्मपिता-धर्ममाता म्हणून पोर्तुगालचे राजा-राणी ठरलेले होते. चौदाव्या वर्षी, १७७० च्या एप्रिलमध्ये, ती व्हिएन्नाहून निघाली. फ्रान्सशी १७५६ मध्ये केलेला तह टिकवायचा होता. पण जायच्या आधीचे आठवडे आईने तिला आपल्या खोलीत झोपवलं, उमजलं की या मुलीला आपण काहीच शिकवलेलं नाही. निघताना दर महिन्याला वाचायच्या सूचना लिहून दिल्या. मग दहा वर्षं पत्रं. आई मरेपर्यंत.

भाची : त्या पत्रांबरोबर दुसरी पत्रंही होती ना? पॅरिसमधला वकील, काउंट मर्सी, मुलीच्या नकळत आईला सगळं कळवायचा. कोणाशी बोलली, किती रात्री जागली, घोड्यावर बसली का, नवऱ्याशी संबंध कसे आहेत. मुलीला वाटायचं की आईला सगळं इतक्या लांबून कसं कळतं! कोवळ्या पोरीवर आईनेच नेमलेला हेर.

मावशी : परक्या दरबारात पाठवलेल्या मुलीची खबर ठेवणं म्हणजे हेरगिरी?

भाची : खबर ठेवली आणि मग तिच्यावर काम टाकलं. दू बारीचं प्रकरण आठव. म्हाताऱ्या राजाच्या त्या मैत्रिणीशी बोलायला आंतोनिया तयार नव्हती. आईचा आग्रह, मर्सीचा आग्रह. पोलंडची वाटणी व्हायची होती आणि फ्रान्सला दुखवून चालणार नव्हतं. शेवटी १ जानेवारी १७७२ला त्या सोळा वर्षांच्या मुलीने तिच्याकडे बघून, आज व्हर्सायमध्ये फार गर्दी आहे, एवढं एक वाक्य टाकलं. एका देशाच्या वाटणीसाठी मुलीचा स्वाभिमान मोडून घेतला. पोलंड १७७२ मध्ये वाटलं गेलं.

मावशी : त्या वाटणीवर ती मनापासून रडली होती, तिच्या पत्रांत ते आहे.

भाची : रडली आणि वाटा घेतला. योसेफाबद्दलही हेच. तिचं रडणं खरं होतं असं मी मानते. पण रडल्यावर ती थांबायची नाही.

मावशी : मुलग्यांच्या बाबतीतही ती थांबली नाही, हे तरी लक्षात घे. फर्डिनांड सतरा वर्षांचा, मिलानमध्ये नुकतंच लग्न झालेलं. त्या लग्नासाठी ज्या पंधरा वर्षांच्या मोझार्टने संगीत रचलं त्याला नोकरीत ठेवावं असं फर्डिनांडच्या मनात आलं. आईने व्हिएन्नाहून लिहिलं की असली बिनकामाची माणसं पदरी बाळगू नकोस, आणि विषय संपला. जोसेफला तर तिने पंधरा वर्षं आपल्याबरोबर राज्यावर बसवलं आणि सत्ता कधी पुरती सोडली नाही. दोघं एकमेकांना राजीनाम्याच्या धमक्या द्यायची. बव्हेरियाच्या वारसावरून जोसेफने १७७८ मध्ये युद्ध ओढवून घेतलं तेव्हा तिने त्याच्या पाठीमागे फ्रेडरिककडे तहाची बोलणी लावली. ज्या फ्रेडरिकला ती आयुष्यभर राक्षस म्हणत आली, त्याच्याकडे! मुलगा संतापला. पण हजारो बायकांची मुलं त्या युद्धातून वाचली.

भाची : ते मी तिच्या खात्यावर मांडते. शाळाही मांडते. १७७४ मध्ये तिने सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची केली. मुलीही त्यात होत्या. परक्या मुलांसाठी ती एवढा विचार करू शकत होती.

मावशी : आणि स्वतःच्या नातवासाठी वेडी होती. लिओपोल्डला १२ फेब्रुवारी १७६८ला मुलगा झाला, फ्लोरेन्सला. पहिला नातू, घराण्याचा वारस. बातमी व्हिएन्नात पोचली तेव्हा नाटक चालू होतं. ती घरच्या कपड्यांत, राजवाड्याला लागून असलेल्या नाट्यगृहात धावत शिरली आणि सज्जातून वाकून व्हिएन्नाच्या बोलीत ओरडली, पोल्डलला मुलगा झाला, आणि तोही माझ्या लग्नाच्या वाढदिवशी! ही गोष्ट सांगतात तशी सांगतेय, पण तिच्या स्वभावाला ती शोभते. शोक पाळणारी विधवा लोकांसमोर अशी कधी येत नसे.

भाची : मावशी, मग एक सांग. या सगळ्या मुलींत सुखी कोण होती?

मावशी : मिमी म्हण.

भाची : मिमीची एकुलती मुलगी जन्मताच गेली. भावंडांच्या गोष्टी आईला सांगते म्हणून सगळी तिच्यावर रागावलेली. नवरा मात्र चांगला होता, तिच्या मागे त्याने कानोव्हाकडून तिचं स्मारक करून घेतलं. मी दुसरीचं नाव घेणार होते. मारिया आनाचं.

मावशी : थोरली. १७५७ मध्ये छातीच्या आजाराने खंगली, पाठीत वाक आला, श्वास लागायचा. लग्नाच्या बाजारात तिला जागा नव्हती.

भाची : म्हणून ती सुटली. कोणाशी तह टिकवायला ती उपयोगाची नव्हती. वडिलांबरोबर खनिजं बघत वाढली. आपला संग्रह केला, तो पुढे बुडाच्या विद्यापीठाकडे गेला. आईच्या काळातल्या पदकांवर पुस्तक लिहिलं. क्लागेनफुर्टला एलिझाबेथिन जोगिणींच्या मठाशेजारी घर केलं, त्यांच्या दवाखान्याला पैसा दिला, जवळच्या त्सोलफेल्डला रोमन काळातले अवशेष खणायला मदत केली. राजकन्या असून फ्रीमेसनांशी तिची मैत्री होती, तिथल्या मंडळींनी आपल्या शाखेला तिचं नाव दिलं. बहिणींत अशी एकही नाही जिचे दिवस असे तिच्या स्वतःच्या आवडीने गेले.

मावशी : घर आईच्या हयातीतच बांधून झालं होतं. तिच्या संमतीशिवाय ते उभं राहिलं नसतं.

भाची : बांधून झालं होतं, पण मारिया आना तिथे राहायला गेली १७८१ मध्ये. आई १७८० च्या २९ नोव्हेंबरला वारल्यावर.

मावशी : ती आणि एलिझाबेथ, आईजवळ उरलेल्या दोनच मुली त्या. विधवा आईने मागे उरलेल्या दोन मुलींना जवळ ठेवलं, त्यात वावगं काय?

भाची : त्यांना विचारलं होतं का? मारिया आना १७८९ मध्ये गेली. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात क्लागेनफुर्टची आठ वर्षं तेवढी तिची.

मावशी : आणि आईला स्वतःची किती वर्षं मिळाली गं? तेवीस वर्षांची होईपर्यंत तीन बाळंतपणं, तेविसाव्या वर्षी राज्य आणि युद्ध, एकोणचाळिसाव्या वर्षी सोळावं मूल. तिच्या वाट्याला तिचं असं काय आलं?

भाची : ते तिने मोजून ठेवलंय, मावशी. नवरा गेल्यावर प्रार्थनेच्या पुस्तकात लिहिलं: संसार एकोणतीस वर्षं, सहा महिने, सहा दिवस. पुढे महिने, आठवडे, दिवस आणि तास. २,५८,७४४ तास. हा हिशेब मांडल्यावर तीन वर्षांच्या आत तिने कॅरोलिनाला नेपल्सला धाडलं, चार वर्षांच्या आत आमालियाला पार्माला, आणि पाच वर्षांच्या आत आंतोनियाला व्हर्सायला.